पहिला कौल

माझ्या धाकट्या बहिणीचा मला हेवा वाटतो. हे वाक्य मी बावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा लिहिते आहे आणि लिहिताना दोनदा खोडलं आहे. 'कौतुक वाटतं' असं लिहून बघितलं, पण ते लग्नाच्या हॉलमध्ये जेवणाच्या रांगेत मावश्यांशी बोलायचं वाक्य झालं. सख्खे भाऊ पक्के वैरी म्हणतात. बहिणींसाठी अशी म्हण कोणी केली नाही, कारण बहिणी एकमेकींना साड्या देतात आणि त्या साड्यांखाली बरंच काही झाकून जातं.

मी मुलुंडला राहते आणि गेली अठ्ठावीस वर्षं एका सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर बसते. ती घाटकोपरला राहते आणि बायकांना पोहायला शिकवते. तिच्याकडे येणाऱ्या बहुतेक जणी चाळिशीच्या पुढच्या असतात. कोणी गुडघ्यांसाठी आलेली, कोणी सुनेने ढकलून पाठवलेली. पहिल्या दिवशी कठडा धरून "मॅडम, मी नाही उतरणार" म्हणतात आणि दीड महिन्यात त्याच बायका पाठीवर तरंगत, बाकावर बसलेल्या नातवंडांना हात करतात. पाच वर्षांपूर्वीपर्यंत माझी बहीण एका पतपेढीत कायम नोकरीत होती. तिथून उठून ती पाण्यात उतरली आणि बुडाली नाही. माझं दुखणं ते आहे.

शिवाय पोहायला आधी मला येत होतं.

अण्णा, म्हणजे आमचे वडील, गिरणीत होते. गिरणी गेली तरी दर मे महिन्यात पंधरा दिवस गावी जायचं त्यांनी सोडलं नाही. गावच्या विहिरीत त्यांनीच आम्हाला शिकवलं. दोन सुके नारळ सालीसकट सुंभाने बांधायचे, पोरीच्या पाठीवर अडकवायचे आणि तिला पाण्यात सोडायचं. चार दिवसांनी नारळ काढायचे. मग पाठीखाली आपला हात धरायचा आणि गप्पा मारता मारता तो हळूच काढून घ्यायचा. माझ्या पाठीखालचा हात त्यांनी कधी काढला ते मला कळलंसुद्धा नाही, मी वर बघत बोलतच राहिले. तेव्हा मी आठ वर्षांची होते. बहिणीची वेळ आली तेव्हा तिने विहिरीच्या तिसऱ्या पायरीला मिठी मारली आणि अशी रडली, की वाडीतली माणसं धावत आली. तिला पोहता यायला पुढचे तीन मे महिने लागले. ही गोष्ट मी तिच्या नवऱ्याला, तिच्या मुलाला आणि तिच्या दोन विद्यार्थिनींनासुद्धा हसत हसत सांगितलेली आहे.

आमच्याकडे काही मोठं ठरवायचं असलं की ग्रामदेवाला कौल लावतात. देवाच्या पाषाणावर दोन्ही अंगांना एकेक ओली कळी चिकटवायची, गुरवाने गाऱ्हाणं घालायचं आणि विचारायचं, हे करू की नको. देवाच्या उजव्या अंगाची कळी आधी पडली तर होकार, डाव्या अंगाची पडली तर नकार. लग्न, नोकरी, ऑपरेशन, खोली विकणं, सगळं त्या दोन कळ्यांवर. अण्णा मुंबईत युनियनच्या सभांना पुढे बसायचे आणि गावी येऊन कौल लावायचे, आणि त्यांना त्यात काही विसंगत वाटायचं नाही. त्यांचा नियम एकच होता. "पयलो कौल तोच कौल. दुसऱ्यांदा इचारूचा नाय."

मी चोवीस वर्षांची होते तेव्हा रोज पहाटे पालिकेच्या तलावावर पोहायला जायची. तिथले सर एक दिवस म्हणाले, परराज्यात प्रशिक्षकांचा एक वर्षाचा कोर्स आहे, तुझं नाव पाठवतो, परत आलीस की इथे तूच शिकवशील. त्याच महिन्यात मला या कचेरीची ऑर्डर आली. घरात दोन मतं होती आणि दोन्ही माझीच होती. अण्णा म्हणाले, देवाला विचारू. मे महिन्यात आम्ही देवळात गेलो. मी अण्णांच्या शेजारी बसले आणि बहीण मागे खांबाला टेकून कैरी खात होती. पोहण्याच्या कोर्सला जाऊ का, असा प्रश्न होता. गुरवाचं गाऱ्हाणं पुरं झालं आणि लगेच उजवी कळी खाली पडली. अण्णांनी हात जोडले.

मी म्हणाले, "हिचं देठ जड होतं, आपसूक पडली. पुन्हा लावा ना."

अण्णा माझ्याकडे बघत राहिले. त्यांनी आपला नियम आयुष्यात एकदाच मोडू दिला, तो माझ्यासाठी. दुसऱ्यांदा डावी पडली. मी कचेरीत रुजू झाले आणि त्यानंतर ज्याला त्याला सांगत आले, की देवानेच नाही म्हटलं, नाहीतर मी कुठल्या कुठे असते. त्या सांगण्यात पहिली कळी कधी येत नाही.

पाच वर्षांपूर्वी एका रविवारी सकाळी बहीण माझ्या घरी आली. अण्णांना जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. आम्हाला भाऊ नाही, म्हणून घरातलं मोठं माणूस या नात्याने देवापुढे विचारायचं काम माझ्याकडे आलं होतं. गाव लांब आणि सुट्टी कोणाला नाही, त्यामुळे आमचे गुरव आता व्हिडिओ कॉलवर कौल लावून देतात. देवळात रेंज येते, फक्त फोन एका विशिष्ट कोनाड्यात टेकवून ठेवावा लागतो.

"ताई, मी पतपेढी सोडतेय," ती म्हणाली. "म्हणजे सोडू का, ते विचारायचंय."

"आणि करणार काय?"

"पोहायला शिकवणार. लाइफगार्डचा कोर्स केला मी. सहा महिने झाले. आमच्या जवळच्या एका कॉम्प्लेक्सचा पूल दुपारी रिकामाच असतो, त्यांच्याशी बोलले पण."

"नवरा काय म्हणतो?"

"तो म्हणतो वाट लागेल. बरोबरच म्हणतो ना, माझं डोकं पण तेच म्हणतंय. पण आतून काहीतरी वेगळंच वाटतंय यार. म्हणून म्हटलं, अण्णा असते तर त्यांनी विचारलं असतं."

कोर्स केला, हे दोन शब्द ऐकल्याबरोबर माझ्या पोटात दुखायला लागलं. पोटात दुखणं ही नुसती बोलायची पद्धत आहे असं मला तोपर्यंत वाटायचं. खरंच दुखतं, बरगड्यांच्या खाली, डाव्या बाजूला. तिसऱ्या पायरीला मिठी मारून बसलेली मुलगी मला न सांगता कोर्स करून आली होती आणि माझ्याच स्वयंपाकघरात माझाच चहा पीत होती.

आमच्या समोरची सोसायटी तेव्हा रिडेव्हलपमेंटसाठी पाडत होते. सकाळी साडेसातपासून ब्रेकरचा आवाज सुरू व्हायचा, रविवारीसुद्धा, घरात एकमेकांचं बोलणं ऐकू यायचं नाही. म्हणून मी कानात इअरफोन घातले आणि फोन डब्यांच्या फळीवर टेकवून समोर बसले. बहिणीला बघवत नव्हतं. "तूच बघ, मला नुसतं सांग," म्हणून ती बाल्कनीत गेली आणि माझे धुतलेले कपडे वाळत घालायला लागली. ती पाठमोरी होती.

गुरवांनी गाऱ्हाणं घातलं. ठरल्या जागी मी "व्हय म्हाराजा" म्हणत गेले. प्रश्न विचारून झाला. थोडा वेळ दोन्ही कळ्या जागच्या हलल्या नाहीत आणि मग देवाच्या उजव्या अंगाची कळी स्वच्छ खाली पडली. डावी तशीच होती.

"उजवो दिल्यान गो बाय," गुरव माझ्या कानात म्हणाले. "तिका सांग, बिनघोर कर."

मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. मला विचार करायला जरा वेळ लागला असता तर बरं झालं असतं, निदान मोह झाला असं म्हणता आलं असतं. तसं काही झालं नाही. शब्द तयारच होता.

"डावा," मी म्हणाले.

तिच्या हातात उशीचा अभ्रा होता. तिने तो झटकला, दोरीवर टाकला, दोन चिमटे लावले. मग बादलीतले उरलेले सगळे कपडे एकेक करून वाळत घातले. आत येऊन "बरं" म्हणाली, पर्स उचलली आणि गेली. दुपारी मी कोलंबीचं सार केलं आणि दोनदा भात घेतला. एवढी भरल्या संसाराची बाई, हातची नोकरी सोडून पाण्यात उड्या मारायला निघाली होती, मी तिला वाचवलं, असं मी स्वतःला सांगितलं. संध्याकाळपर्यंत मला ते पटलंही होतं.

नऊ दिवसांनी तिचा फोन आला. "ताई, राजीनामा दिला."

"अगं पण कौल डावा होता ना."

"हो ना. तू डावा म्हणालीस ना, तेव्हा पोटात असा खड्डा पडला की मला उभं राहवेना. म्हणून कपडे वाळत घालत बसले. वाटलं, माझ्या हातातलं कोणीतरी काढून घेतलं. मग घरी जाताना रिक्षात डोक्यात आलं, जे अजून माझं झालंच नाही ते जाताना इतकं कसं दुखतं? म्हणजे मी मनाने कधीच सोडलीय नोकरी. मग देवाला सॉरी म्हटलं आणि लेटर टाइप केलं."

मी काय बोलले ते आठवत नाही. बहुतेक काळजी घे म्हणाले असेन. पण फोन ठेवल्यावर जे वाटलं ते नीट आठवतं. मला देवाने हो म्हटलं होतं आणि मी गेले नाही. तिला नाही म्हटलं, निदान तिच्या समजुतीप्रमाणे, आणि ती गेली. वर तिला जी खात्री झाली ती माझ्या खोटेपणामुळे झाली. मी उजवा सांगितला असता तर ती कदाचित अजून महिनाभर घाबरत बसली असती.

पहिल्या वर्षी तिचं काही धड चाललं नाही. कॉम्प्लेक्सच्या पूलच्या फरशा उखडल्या आणि दुरुस्तीसाठी तो चार महिने बंद राहिला. मी दर रविवारी तिच्याकडे डबा घेऊन जायची. बांगड्याचं तिखलं, सोलकढी, तिच्या मुलासाठी घावणे. "होतं असं गं, आपण तरी काय करणार," म्हणत तिच्या पाठीवरून हात फिरवायची. सांत्वन करायला मला आयुष्यात एवढं कधी आवडलं नव्हतं. पूल पुन्हा सुरू झाला तेव्हा माझे डबे हळूहळू बंद पडले. तिने कधी विचारलं नाही, का.

मग तिचं चालायला लागलं. एकीच्या तीन जणी झाल्या, दुपारच्या एका बॅचच्या दोन झाल्या. तिचे खांदे रुंद झाले, रंग रापला, केसांना सतत क्लोरीनचा वास यायला लागला. मी म्हणायची, "केस गळतात हां त्या पाण्याने." म्हणायची, "वयात शोभेल असं काहीतरी कर." वाट लागेल म्हणणारा तिचा नवरा आता सुट्टीच्या दिवशी तिचे फ्लोट स्कूटरवर बांधून नेतो. नातेवाइकांत कुठेही गेलो तरी बायका तिला घेरतात. आणि तिची मोठी बहीण म्हणून माझ्याकडेही कोणी कोणी वळतं आणि विचारतं, "तुम्हाला येतं का हो पोहायला?"

एकदा तिच्या आग्रहाने मी तिचा वर्ग बघायला गेले. पूलच्या कडेला प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले होते. एक साठीच्या पुढची गुजराती बाई होती, लांब बाह्यांचा पोशाख, डोक्यावर टोपी, चेहऱ्यावर अंत्ययात्रेची कळा. बहिणीने तिला पाठीवर निजवलं, पाठीखाली हात धरला आणि तिला कालच्या हांडव्याची रेसिपी विचारली. बाई सांगायला लागली. दही किती, दुधी किती. सांगता सांगता बहिणीचा हात पाण्यातून बाहेर आला आणि बाई तशीच बोलत तरंगत राहिली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. तो अण्णांचा हात होता आणि तो आधी माझ्या पाठीखाली होता. घरी येऊन मी कपाटातला सगळा खण उपसला आणि पुन्हा लावला.

दोन वर्षांपूर्वी ती जत्रेला गावी गेली. माझे गुडघे धरले होते म्हणून मी गेले नाही. परत आल्यावर प्रसादाचा नारळ द्यायला ती मुलुंडला आली. नारळाची एक वाटी माझ्या हातात ठेवली आणि हात लगेच काढून घेतला नाही.

"गुरव तुझी आठवण काढत होते," ती म्हणाली.

"काय म्हणाले?"

"असंच. बरी आहे ना म्हणाले."

मी नारळ फ्रीजमध्ये ठेवला. त्या दिवशी ती चहा न घेता गेली. एवढंच माझ्या लक्षात राहिलं.

आता माझ्यावर वेळ आली आहे. कचेरीतून लवकर निवृत्ती घेण्याबद्दल विचारणा झाली आहे, अर्ज टेबलावर पडला आहे. बहिणीला कळलं तशी ती सरळ म्हणाली, "ताई, सोड आणि माझ्याबरोबर ये. मला दुसरा हात हवाय. माझ्या बायकांना तू आवडशील, तू माझ्याहून चांगली पोहतेस."

हे वाक्य ऐकायला मी किती वर्षं थांबले होते आणि ऐकल्यावर मला राग आला. माझ्याहून चांगली पोहतेस, हे ती आता सांगू शकत होती, कारण आता त्याने काही बिघडत नव्हतं. तिच्या हाताखाली, तिच्या पूलवर, तिने दिलेली शिट्टी गळ्यात घालून उभं राहायचं. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर खांदे आपोआप पाणी मागे लोटल्यासारखे हलायचे, हेही खरं होतं. मला काही ठरवता येईना. मी म्हणाले, "कौल लावू."

"चालेल," ती म्हणाली. "मी या आठवड्यात गावी चाललेय. देवळात बसून मीच विचारते. तू मुंबईतच थांब."

परवा सकाळी आठ वाजता तिचा फोन आला. नुसता आवाज होता, व्हिडिओ नाही. समोरचा टॉवर आता पूर्ण झाला आहे, त्यामुळे आमच्याकडे सकाळी शांत असतं. तिच्या मागे देवळातली घंटा कोणीतरी वाजवलेली मला स्पष्ट ऐकू आली.

"डावा," ती म्हणाली.

माझा श्वास सुटला. छातीवरचं ओझं उतरलं, पाय मोकळे झाले. अर्ज फाडायचा, दहाच्या ठोक्याला टेबलावर बसायचं, आवक डावीकडे, जावक उजवीकडे. कोणी मला शिट्टी देणार नाही आणि पाण्यात उतरून मी आता किती दमते ते कोणाला दिसणार नाही. आणि देवाने नाही म्हटलं, असं आणखी वीस वर्षं सांगता येईल. मग मला उगाचच शंका आली.

"खरं सांगतेस?"

"तू मला सांगितलं होतंस ना," ती म्हणाली, "तेवढंच खरं."

कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटायचं राहत नाही. दोन वर्षं तिला माहीत होतं. जत्रेत गुरवांनी तिला विचारलं असणार, उजवा मिळाला होता, बरं चाललंय ना. आणि ती नारळ घेऊन माझ्याकडे आली, माझ्या हाताला धरून उभी राहिली, आणि मी सांगेन म्हणून थांबली. मी नारळ फ्रीजमध्ये ठेवला.

"बोल ना," ती म्हणाली.

"काय बोलू. जळत होते तुझ्यावर."

"ते माहितेय गं. ते काय आजचं आहे?" तिचा आवाज चढला नव्हता. "मी कौल लावलाच नाही ताई. तुझा लागलाय कधीच. उजवा. खांबाला टेकून मी बघत होते ना. पहिला कौल तोच कौल, अण्णा काय म्हणायचे?"

मला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. त्याऐवजी मी तिला खरं सांगितलं. कौलाच्या बाबतीत मी तिच्याशी खरं बोलायची ती पहिलीच वेळ होती.

"तू डावा म्हणालीस ना, तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. खड्डा बिड्डा काही पडला नाही."



"हो," ती म्हणाली. "श्वास ऐकला मी. तेव्हा पण असाच सोडला होतास, दुसरी कळी पडल्यावर. मी मागेच होते." मग म्हणाली, "मग नको येऊस. ठीक आहे. पण मग माझ्यावर जळू पण नको ना यार."

मी नाही जळणार, असं म्हणाले. ते खोटं होतं, आणि तेही तिला ऐकू आलं असणार.